सी-पॅपची सवय लावताना : स्लीप ॲप्नियाचे निदान नुकतेच झालेल्यांसाठी

स्लीप ॲप्नियाचे, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडण्याच्या विकाराचे, निदान झाले आणि डॉक्टरांनी रोज रात्री सी-पॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवणारे यंत्र, लावून झोपायला सांगितले, की तोंडावर मास्क बांधून माणसाला झोप लागणार तरी कशी, हाच प्रश्न बहुतेकांच्या मनात आधी येतो. प्रश्न रास्त आहे. मी स्वतः काही वर्षांपासून हे यंत्र लावून झोपतो, आणि पहिल्या तीन आठवड्यांत ते परत करून टाकावे असे मला किमान चार वेळा वाटले होते. चारही वेळा मूळ कारण लहानसेच निघाले : मास्कचे माप, हवेतला कोरडेपणा, नळीची जागा, असेच काहीतरी. ते दुरुस्त झाल्यावर झोप लागली. म्हणून हा लेख मुख्यतः या लहान गोष्टींबद्दल आहे. यातली कोणतीही सूचना तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी वापरू नका. त्यांच्याकडे जाताना नेमके काय विचारायचे हे ठरवण्यासाठी तिचा उपयोग करा.

आधी झोपेच्या तपासणीचा अहवाल नीट वाचा

झोपेत शरीराचे स्नायू सैल पडतात, तसे घशाचेही पडतात. ज्यांना अडथळ्याचा स्लीप ॲप्निया असतो त्यांच्या बाबतीत टाळूचा मऊ भाग, पडजीभ आणि जिभेचे मूळ मागे सरकून श्वासमार्ग अरुंद होतो किंवा पूर्ण बंद पडतो. श्वास किमान १० सेकंद थांबला तर त्याला ॲप्निया म्हणतात, आणि श्वास पूर्ण न थांबता बराच मंदावला व त्यामुळे रक्तातला ऑक्सिजन घसरला किंवा झोप मोडली तर त्याला हायपोप्निया म्हणतात. या दोन्ही घटना दर तासाला सरासरी किती घडल्या, तो आकडा म्हणजे एएचआय. प्रौढ माणसाचा एएचआय ५ च्या आत असेल तर तो सामान्य मानतात. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र, अशी ढोबळ वर्गवारी आहे.

एएचआय ४० असेल तर सरासरी दर दीड मिनिटाला एकदा श्वास अडतो आणि तो पुन्हा सुरू करण्यासाठी मेंदू बहुतेक वेळा काही सेकंद जागा होतो. सकाळी यातले काहीच आठवत नाही; आठ तास झोपूनही अंग जड का, एवढेच कोडे उरते. अहवालात रात्रीची ऑक्सिजनची सर्वांत खालची पातळीही दिलेली असते, आणि बऱ्याचदा उताणे झोपल्यावर व कुशीवर झोपल्यावर एएचआय किती बदलला हेही नोंदवलेले असते. हे आकडे डॉक्टरांकडून समजून घ्या. मेंदूकडून श्वासाचा संदेशच न येण्यामुळे होणारा, ‘सेंट्रल’ प्रकारचा ॲप्निया तुमच्या अहवालात किती आहे, हेही विचारा, कारण त्याचा उपचार वेगळा असू शकतो.

यंत्र काय करते आणि काय करत नाही

सी-पॅपचा पहिला यशस्वी वापर कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिडनीत केला आणि १९८१ साली तो प्रसिद्ध झाला. कल्पना साधी होती : नाकातून सतत थोड्या दाबाने हवा सोडली, तर त्या हवेचाच आतून टेकू मिळून घसा उघडा राहतो. आजची यंत्रे उशीशेजारी मावतात आणि जवळजवळ आवाज करत नाहीत, पण तत्त्व तेच आहे.

नव्या रुग्णांच्या दोन गैरसमजुती इथेच दूर करायला हव्यात. हे यंत्र ऑक्सिजन देत नाही. ते खोलीतलीच हवा गाळून, दाबाने पाठवते. तसेच ते तुमच्यासाठी श्वासही घेत नाही. श्वास तुम्हीच घेता. यंत्र वाट मोकळी ठेवते. हा दाब पाण्याच्या सेंटीमीटरमध्ये मोजतात आणि बहुतेक यंत्रांत तो ४ ते २० च्या दरम्यान ठेवता येतो. काही रुग्णांना एकच ठरलेला दाब दिला जातो, तर ‘ऑटो’ प्रकारच्या यंत्रात डॉक्टर खालची आणि वरची मर्यादा ठरवून देतात आणि यंत्र श्वासाच्या लयीनुसार दाब कमी-जास्त करते.

मास्क : इथे वेळ द्या

माझ्या मते सी-पॅप टिकणार की कपाटात जाणार, हे यंत्रापेक्षा मास्कवर जास्त अवलंबून असते. मुख्य प्रकार तीन : नाकावर बसणारा, नाकपुड्यांच्या तोंडाशी दोन मऊ उशा टेकवणारा, आणि नाक व तोंड दोन्ही झाकणारा. तोंडाने श्वास घेण्याची सवय आहे म्हणून अनेक जण थेट तिसरा प्रकार मागतात. पण तो आकाराने मोठा, गळती होण्याच्या जागा जास्त आणि बंध अधिक घट्ट लागणारा असतो. नाक मोकळे राहत असेल, किंवा उपचाराने मोकळे होत असेल, तर आधी नाकाचा मास्क वापरून पाहणे बहुतेकांच्या हिताचे ठरते. मास्क लावल्यावर जीव घाबरा होणाऱ्यांना नाकपुड्यांच्या उशा सोप्या वाटतात, कारण डोळ्यांसमोर काही येत नाही आणि चष्मा लावून वाचताही येते.

मास्क बसून आणि यंत्र बंद ठेवून पारखू नका. तुम्ही ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर आडवे व्हा, तुमच्यासाठी ठरवलेल्या दाबाने यंत्र सुरू करा आणि मग किमान दहा मिनिटे पडून राहा. आडवे झाल्यावर गालांची ठेवण बदलते, आणि बसलेल्या अवस्थेत अगदी चपखल बसलेला मास्क डोळ्यांच्या कोपऱ्याशी फुसफुसू लागतो.

अशी गळती सुरू झाली की हात आपोआप बंध आवळायला जातो, आणि नवखे लोक सर्वांत जास्त इथेच चुकतात. मास्कची सिलिकॉनची किनार हवेने फुगून चेहऱ्याला चिकटेल अशी घडवलेली असते. बंध आवळला की ती चेपते, दुमडते आणि गळती वाढते. मी पहिले दोन आठवडे रोज रात्री एकेक घर आवळत गेलो आणि रोज सकाळी नाकाच्या हाडावर आदल्या दिवसापेक्षा गडद वळ घेऊन उठलो. मग मला योग्य पद्धत दाखवण्यात आली : यंत्र चालू असताना मास्क चिमटीत धरून चेहऱ्यापासून थोडासा वर उचलायचा, किनार पूर्ण फुगू द्यायची आणि तो तसाच अलगद पुन्हा टेकवायचा. त्या रात्री बंध दोन घरे सैल करूनही गळती थांबली. बंधाखालून एक-दोन बोटे सहज सरकली पाहिजेत. उठल्यावर थोड्या वेळात मावळणारा वळ चालतो. कातडी सोलवटत असेल किंवा दिवसभर दुखत असेल, तर माप किंवा प्रकार चुकला आहे असे समजा आणि मास्क बदलून मागा. झोपण्यापूर्वी चेहरा धुवा, आणि मास्क टेकतो तिथे क्रीम किंवा तेल लावू नका.

काही मास्कच्या बंधांना चुंबकाच्या क्लिपा असतात. तुमच्या किंवा शेजारी झोपणाऱ्या माणसाच्या शरीरात पेसमेकर किंवा तत्सम उपकरण बसवलेले असेल, तर ते आधीच सांगून चुंबक नसलेला मास्क घ्या.

दिवसा सराव, मग रात्र

मास्कची ओळख दिवसा आणि जागेपणी करून घ्यावी. दमलेल्या रात्री, अंधारात ती नीट होत नाही. पहिल्या दिवशी नळी न जोडता मास्क नुसता हाताने चेहऱ्यावर धरा आणि पाच-दहा मिनिटे काहीतरी वाचा किंवा पाहा. ते सहज वाटू लागले की बंध लावून तेवढाच वेळ बसा. त्यानंतर नळी जोडून, यंत्र सुरू करून, खुर्चीत बसूनच श्वास घ्या. शेवटी दुपारी आडवे होऊन अर्धा तास पडा, डोळा लागला तर उत्तम. प्रत्येक टप्पा कंटाळवाणा वाटेपर्यंत करायचा आणि मगच पुढे जायचे. कुणाचे चारही टप्पे एका दिवसात होतात, कुणाला दोन आठवडे लागतात. दोन्ही ठीकच आहे. ज्यांना मास्क लावताच धडधड सुरू होते, त्यांनी ही गोष्ट लपवू नये. अशी भीती पुष्कळांना वाटते आणि ती या पद्धतीने हळूहळू कमी होते.

यंत्र सुरू असताना नाकाचा मास्क लावून बोलायचा प्रयत्न केला, तर हवा तोंडातून भसकन बाहेर येते आणि पहिल्यांदा माणूस दचकतो. ओठ मिटून जीभ टाळूला लावली की ती थांबते. श्वास सोडताना समोरून कुणीतरी हलकेच अडवते आहे असेही वाटते. त्यामुळे घाईघाईने उथळ श्वास घेण्याची ओढ होते. त्याऐवजी श्वास सावकाश सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. दोन-तीन मिनिटांत लय जमते.

पहिली रात्र

यंत्र पलंगाच्या पातळीपेक्षा थोडे खाली, सपाट जागी ठेवा, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या टाकीतले किंवा नळीतले पाणी चेहऱ्याकडे येणार नाही. हवा आत घेण्याची जाळी पडद्याने किंवा पांघरुणाने झाकली जाणार नाही हे पाहा. मास्कच्या पुढच्या भागात बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून हवा सतत बाहेर पडते. ती गळती नव्हे, तुम्ही सोडलेला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर जातो. ती छिद्रे कधीही बुजवू नका.

‘रॅम्प’ नावाची सोय सुरू करून घ्या. तिच्यामुळे यंत्र कमी दाबाने सुरू होते आणि ठरवलेल्या वेळात, साधारण पाच ते पंचेचाळीस मिनिटांत, पूर्ण दाबापर्यंत चढते. मात्र फार कमी दाबावर काही जणांना हवा पुरत नाही असे वाटते. तसे झाल्यास सुरुवातीचा दाब थोडा वाढवून मिळू शकतो का ते विचारा. श्वास सोडताना दाब थोडा उतरवणारी सोयही बहुतेक यंत्रांत असते, तीही विचारून घ्या. झोप येऊ लागल्यावरच आडवे व्हा. अर्धा तास तळमळ झाली तर मास्क काढा, उठून बसा, शांत व्हा आणि पुन्हा लावा. रागाने उशीशेजारी फेकलेला मास्क त्या रात्री परत चेहऱ्यावर येत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

पहिल्या काही रात्री विलक्षण ठळक स्वप्ने पडू शकतात. वर्षानुवर्षे तुटत आलेली स्वप्नावस्थेची झोप शरीर भरून काढत असते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

पहिल्या महिन्यातल्या अडचणी

तोंड कोरडे पडणे ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. नाकाच्या मास्कवर झोपेत जबडा सुटला की हवा तोंडावाटे निघून जाते, घसा सुकतो आणि दाबही पुरत नाही. आधी नाक मोकळे आहे का ते तपासा. झोपण्यापूर्वी सलाईनचे थेंब किंवा फवारा उपयोगी पडतो, आणि ॲलर्जीमुळे नाक कायम चोंदत असेल तर त्यावर डॉक्टरांकडून स्वतंत्र उपचार घ्या. मग यंत्रातला ओलावा वाढवून पाहा. एवढ्याने भागले नाही तर हनुवटीचा पट्टा, आणि त्यानेही नाही तर नाक-तोंड झाकणारा मास्क. ओठांवर चिकटपट्टी लावण्याचा उपाय स्वतःच्या मनाने करू नका.

ओलावा वाढवल्यावर उलटी अडचण येऊ शकते. एका थंड रात्री तीनच्या सुमारास मी खुळखुळ अशा आवाजाने जागा झालो आणि लगेच नाकावर गार थेंब पडला. यंत्रातून निघालेली उबदार, दमट हवा थंड नळीतून जाताना तिच्यातली वाफ आतल्या बाजूला पाणी होऊन साठली होती. ओलावा एक अंकाने कमी करणे, नळी पांघरुणाखालून घेणे, तिच्यावर कापडी आवरण चढवणे किंवा आतून गरम राहणारी नळी वापरणे, यांपैकी एखाद्या उपायाने हे थांबते.

हवा गिळली जाऊन पोट फुगणे, ढेकर येणे, हेही काहींना होते. डोक्याकडची बाजू थोडी उंच करून पाहा आणि त्रास टिकला तर दाबाची मर्यादा तपासून घ्या. दाब स्वतः बदलू नका.

पहाटेचे तास सोडू नका

अनेक जण रात्री अकराला मास्क लावतात, तीनच्या सुमारास स्वच्छतागृहात जाऊन येतात आणि ‘आता झाले पुरे’ म्हणून मास्क न लावताच झोपतात. उपचाराच्या नोंदींत ‘किमान चार तास’ हा निकष सर्रास वापरला जातो, त्यामुळे चार तास भरले की काम झाले अशी समजूत होते. पण स्वप्नावस्थेची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, त्या अवस्थेत स्नायू सर्वाधिक सैल असतात, आणि बऱ्याच रुग्णांचे श्वास तेव्हाच जास्त वेळ अडतात व ऑक्सिजन जास्त खाली जातो. पहाटे मास्क काढून ठेवला की रात्रीचा नेमका हाच भाग उपचाराविना राहतो. म्हणून उठताना मास्क काढू नका. बहुतेक मास्कची नळी तेवढी वेगळी करता येते. परत येऊन ती जोडली की झाले. झोपेत नकळत मास्क काढला जात असेल, तर सहसा त्यामागे गळती, चोंदलेले नाक किंवा अपुरा दाब असतो. काही यंत्रांत मास्क निघाल्यावर वाजणारी सूचना असते, ती सुरू करा.

हृदयविकाराबद्दलही सरळ लिहिले पाहिजे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेव्ह’ या मोठ्या अभ्यासात, आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या २,७०० हून अधिक रुग्णांमध्ये सी-पॅपमुळे पुढचे झटके कमी झाल्याचे दिसले नाही. दिवसाची झोपाळूपणाची तक्रार, मनःस्थिती आणि जीवनमान मात्र सुधारले. त्या रुग्णांचा सरासरी वापर रात्री ३.३ तास होता, हेही ध्यानात घ्यायला हवे. त्यामुळे यंत्र लावले की हृदयविकार टळतो असे आश्वासन मी कुणाला देणार नाही, पण निम्म्या रात्रीच्या वापरावर समाधानही मानू देणार नाही.

फरक पडतो आहे का, हे कसे ओळखावे

यंत्राच्या पडद्यावर किंवा ॲपमध्ये रोज तीन गोष्टी दिसतात : वापराचे तास, गळती आणि यंत्र लावूनही उरलेला एएचआय. शेवटचा आकडा साधारण ५ च्या आत असावा. तो हवेच्या प्रवाहावरून काढलेला अंदाज असतो, त्यामुळे एखाद्या रात्री तो ७ झाला म्हणून अस्वस्थ होऊ नका. आठवड्याची सरासरी पाहा. सुरुवातीला काहींच्या नोंदींत सेंट्रल घटना नव्याने दिसू लागतात. बहुतेकांच्या त्या काही आठवड्यांत ते महिन्यांत ओसरतात, पण टिकून राहिल्या तर डॉक्टरांना दाखवा.

आकड्यांइतकेच दिवसाकडे लक्ष द्या. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये मांडलेली एपवर्थ प्रश्नावली यासाठी सोयीची आहे : आठ रोजचे प्रसंग, प्रत्येकात डुलकी लागण्याच्या शक्यतेला ० ते ३ गुण, एकूण २४, १० च्या वर गुण म्हणजे झोपाळूपणा जास्त. उपचार सुरू करण्यापूर्वी एकदा आणि महिन्याने एकदा ती भरा. घरात शेजारी झोपणाऱ्या माणसालाही विचारा, कारण घोरणे थांबल्याचे त्यांनाच आधी कळते. रात्री लघवीला उठण्याच्या वेळा कमी होणे हीदेखील लवकर दिसणारी खूण आहे : घसा बंद असताना श्वास ओढण्याच्या धडपडीत हृदयाचे कप्पे ताणले जातात, त्यातून सुटणारे एक संप्रेरक मूत्रपिंडांना जास्त लघवी बनवायला लावते, आणि श्वास अडायचा थांबला की हा प्रकारही थांबतो. सगळे आकडे चांगले असून, झोपेचे तास पुरेसे असूनही दिवसा डोळे मिटत असतील, तर थायरॉइड, नैराश्य, चालू औषधे अशी इतर कारणे तपासून घ्यावी लागतात. झोपाळूपणा आटोक्यात येईपर्यंत वाहन चालवू नका.

स्वच्छता

टाकीतले पाणी रोज सकाळी ओतून द्या आणि रात्री ताजे डिस्टिल्ड पाणी भरा. मास्कची किनार रोज सौम्य साबणाने व कोमट पाण्याने धुवा. नळी, टाकी आणि बंध आठवड्यातून एकदा, आणि सगळे सावलीत वाळवा. एकदाच वापरायची गाळणी धुवायची नसते, ती उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे बदलायची असते. ओझोन सोडून सी-पॅप निर्जंतुक करणारी उपकरणे टाळा. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये त्यांच्याबद्दल सावधगिरीची सूचना दिली होती.

यंत्राच्या जोडीला

मद्य आणि झोपेच्या काही गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात. चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. वजन जास्त असेल तर ते उतरवण्याचा खरा फायदा होतो : २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ पाहणीत १० टक्के वजन घटल्यास एएचआय सुमारे २६ टक्क्यांनी घटण्याचा अंदाज मिळाला होता. मात्र वजन उतरले म्हणून यंत्र आपणहून बंद करू नका, पुन्हा तपासणी करून मगच निर्णय घ्या. सगळे उपाय करूनही सी-पॅप सोसत नसेल, तर खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे दातांचे उपकरण, दोन पातळ्यांचा दाब देणारे यंत्र आणि निवडक रुग्णांसाठी शस्त्रक्रिया हे पर्याय आहेत. उपचारच सोडून देण्याआधी त्यांच्याबद्दल विचारा.

प्रवासात यंत्र टाकी रिकामी करून हातातल्या सामानात ठेवा. विमानतळावर लागली तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असू द्या. वीज जाण्याची शक्यता असेल तर यंत्राला जुळणाऱ्या बॅटरीची चौकशी आधीच करा. कोणत्याही कारणाने, अगदी दाताच्या किंवा डोळ्याच्या लहान शस्त्रक्रियेसाठी का होईना, भूल किंवा गुंगीचे औषध घ्यायचे असेल, तर स्लीप ॲप्निया असल्याचे भूलतज्ज्ञांना स्पष्ट सांगा आणि यंत्र व मास्क दोन्ही बरोबर न्या, कारण गुंगी उतरत असतानाच्या तासांत घसा सर्वाधिक सैल असतो आणि तेव्हा तुमच्या चेहऱ्याला बसणारा मास्क तुमच्याकडेच असतो.